महाग आणि सवंग

आमच्या एका जुन्या वाचकांनीं गेल्या महिन्यांत आम्हांस एक सविस्तर पत्र पाठविलें आहे. त्यांचें कुटुंब एकत्र आहे. तिघां भावांपैकीं थोरले बंधु पांच वर्षांपूर्वीं निवर्तले. तेव्हांपासून घराची धुरा पत्रलेखकांवर आहे. वाईकडील वडिलार्जित वाडा यंदा विकला गेला आणि प्रत्येकाच्या वाट्यास बावीस लाख रुपये आले. थोरल्या बंधूंचा वाटा अर्थातच वहिनींचा. त्यांचा एकुलता एक मुलगा अमेरिकेंत न्यू जर्सी येथें नोकरीस असून त्याला लहानपणापासून चित्रकथांच्या पुस्तकांचा, म्हणजे ज्यांस तिकडे कॉमिक म्हणतात त्यांचा, मोठा नाद आहे. आईच्या या रकमेंतून १९६२ सालच्या एका प्रसिद्ध अंकाची विटलेली पण अस्सल प्रत घ्यावी, दहा वर्षांत पैसे चौपट होतील, असें त्याचें म्हणणें. वहिनी मुलाच्या शब्दाबाहेर नाहींत. धाकटे बंधु म्हणतात, पोरांच्या चित्रांच्या वहीस बावीस लाख देणें हा शुद्ध वेडेपणा आहे. पत्रलेखकांनीं दोन्ही पक्ष मांडून शेवटीं विचारलें आहे, 'या व्यवहारांत कांहीं अर्थ आहे काय, कीं हा नुसता बाजारी भ्रम आहे?'

प्रश्न एका घरचा असला तरी विचार करण्यासारखा आहे. जुनीं नाणीं, टपालाचीं तिकिटें, घड्याळें अशा वस्तूंत पैसा घालावा असा सल्ला तरुण मंडळी हल्लीं घरोघर वडिलांस देऊं लागली आहे. या सर्व वस्तूंच्या भावांचें वर्म एकच आहे आणि तें कॉमिकच्या इतिहासांत फार स्पष्ट दिसतें. म्हणून तो इतिहास येथें थोडा विस्तारानें सांगतों.

सन १९३८ च्या एप्रिल महिन्यांत न्यूयॉर्क येथील एका प्रकाशकानें 'अॅक्शन कॉमिक्स' नामक मासिकाचा पहिला अंक बाजारांत आणला. अंकावर महिना मात्र जून छापलेला होता. कारण अंक लवकर शिळा दिसूं नये म्हणून पुढील महिना घालण्याची त्या धंद्यांत वहिवाट होती. किंमत १० सेंट. मुखपृष्ठावर निळ्या अंगाबरोबर पोशाखाचा आणि तांबड्या उपरण्याचा एक पुरुष हिरवी मोटार हातांनीं उचलून खडकावर आपटीत आहे असें चित्र होतें. हा पुरुष म्हणजे सुपरमॅन. त्याचें जगास झालेलें हें पहिलें दर्शन. या अंकाच्या सुमारे २ लाख प्रती छापल्या गेल्या. आज त्यांपैकीं शंभराच्या आसपास शिल्लक असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे.

या शंभरांपैकीं निवडक प्रतींना जे भाव आले ते ऐकून सामान्य गृहस्थाची मति गुंग होते. फेब्रुवारी २०१० मध्यें एका प्रतीस १० लाख डॉलर मिळाले. कॉमिकच्या एका प्रतीनें एवढा आंकडा गांठल्याचा हा पहिलाच प्रसंग. पुढच्याच महिन्यांत दुसरी प्रत १५ लाखांस गेली. २०१४ सालीं एकीस ३२ लाख, एप्रिल २०२४ मध्यें दुसरीस ६० लाख. निकोलस केज या प्रसिद्ध नटाची प्रत २००० सालीं चोरीस गेली होती. ती २०११ सालीं कॅलिफोर्नियांतील एका भाड्याच्या कोठारांत सांपडली व त्याच वर्षीं २१ लाख ६० हजारांस विकली गेली. हीच प्रत जानेवारी २०२६ मध्यें खाजगी व्यवहारांत १ कोटि ५० लाख डॉलरांस गेल्याचें जाहीर झालें. दहा सेंटांच्या वस्तूची ही गति पाहून पुतण्याच्या डोळ्यांपुढें स्वप्न उभें राहिलें तर त्यांत नवल नाहीं.

परंतु दोन लाखांच्या शंभर कशा झाल्या, हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे. उत्तर सोपें आहे. ज्या मुलांनीं ते अंक घेतले त्यांनीं ते वाचले, मित्रांस दिले, पालथे पडून चाळले, घडी करून खिशांत कोंबले आणि शेवटीं टाकून दिले. स्वस्त कागद, दोन तारेचे टांके आणि पातळ मुखपृष्ठ. टिकावी म्हणून ही वस्तु निर्माणच झाली नव्हती. पुढें दुसरें महायुद्ध आलें. सरकारनें युद्धकार्यासाठीं रद्दी कागद मागितला आणि शाळाशाळांतून मुलांनीं गठ्ठे वाहून नेले. त्या गठ्ठ्यांत हे अंकही गेले. युद्ध संपल्यावर दुसरी लाट उठली. कॉमिकनें मुलें बिघडतात असें शिक्षक, पालक व धर्मोपदेशक यांस वाटूं लागलें. १९४८ सालीं कांहीं गांवांत मुलांकडूनच या पुस्तकांच्या होळ्या करविण्यांत आल्या. १९५४ सालीं फ्रेडरिक वर्थम या मानसवैद्याचा या विषयावरील टीकाग्रंथ निघाला, अमेरिकन सीनेटच्या उपसमितीनें साक्षी घेतल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनीं स्वतःच स्वतःवर नियमांचें बंधन घालून घेतलें. एवढ्यांतून जें वांचलें तें घरोघरच्या आयांनीं मुलगा कॉलेजांत गेला त्या दिवशीं केर म्हणून काढलें.

म्हणजे या अंकांस आज जी किंमत आहे ती, तेव्हां त्यांस कोणी किंमत दिली नाहीं म्हणून आहे. या एका वाक्यांत सारा बाजार सांठविलेला आहे. संस्कृतांत 'अर्घ' म्हणजे मोल. ज्याचें मोल मोठें तें महार्घ, ज्याचें बेताचें तें समर्घ. या दोहोंपासूनच आमचे 'महाग' आणि 'सवंग' हे शब्द आले. दोन्ही सख्खे भाऊ आहेत आणि एका घरांतून दुसऱ्या घरांत जावयास त्यांस वेळ लागत नाहीं. एका मुलाच्या खिशांतील सवंग वस्तु त्याच्या नातवाच्या काळीं महाग होते. आणि एकाची महागाची ठेव दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत सवंग होते.

आतां कोणी म्हणेल, मग जें जें दुर्मिळ तें तें मोलवान. तसेंही नाहीं. १९३८ सालचीं कित्येक साप्ताहिकें व मासिकें अशीं आहेत कीं ज्यांच्या दहा प्रतीही उरल्या नसतील; परंतु त्यांस गिऱ्हाईक नाहीं. दुर्मिळतेस मागणीची जोड लागते. अॅक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकास मागणी आहे ती त्यांत जन्मलेला नायक अजून जिवंत आहे म्हणून. तीन पिढ्यांनीं त्याच्या कथा वाचल्या, बोलपट पाहिले. आणि ज्यांनीं लहानपणीं त्याच्यावर प्रेम केलें त्यांच्यापैकीं कांहीं पुढें गडगंज झाले. लहानपणचें प्रेम आणि मोठेपणचा पैसा यांची गांठ पडली म्हणजे लिलावांत बोली चढते.

ज्या अंकावर आमच्या पत्रलेखकांच्या पुतण्याचा डोळा आहे त्याची कथाही अशीच आहे. 'अमेझिंग फँटसी' नांवाचें एक मासिक १९६२ सालीं बंद पडत होतें. त्याचा शेवटचा, म्हणजे पंधरावा, अंक ऑगस्ट महिना घालून निघाला. किंमत १२ सेंट. मासिक बुडणारच आहे तर एक नवा प्रयोग करून पाहूं, अशा भावनेनें लेखक स्टॅन ली व चित्रकार स्टीव्ह डिटको यांनीं त्यांत कोळ्याच्या अंगचे गुण आलेल्या एका शाळकरी मुलाची कथा घातली. हा मुलगा म्हणजे स्पायडरमॅन. बुडत्या मासिकाच्या त्या अंकाची एक जवळजवळ निर्दोष प्रत सप्टेंबर २०२१ मध्यें ३६ लाख डॉलरांस विकली गेली. अमुक अंकाचें पुढें सोनें होईल हें त्या वेळीं प्रकाशकासही कळलें नव्हतें, हें येथें विशेष ध्यानांत ठेवावें.

'जवळजवळ निर्दोष' हे शब्द आम्हीं हेतुतः वापरले. कारण मोलाचें तिसरें अंग म्हणजे वस्तूची स्थिति. सन २००० पासून अमेरिकेंत एक कंपनी मोबदला घेऊन प्रत्येक प्रतीची परीक्षा करते, अर्ध्या गुणापासून दहापर्यंत गुण देते आणि ती प्रत पारदर्शक डबींत कायमची बंद करून टाकते. त्यानंतर वस्तु न पाहतांही दूर बसल्या व्यवहार करतां येऊं लागला आणि भाव भराभर चढले. स्पायडरमॅनच्या ज्या अंकास ३६ लाख आले त्याला १० पैकीं ९.६ गुण होते. त्याच अंकाची फाटकी, डाग पडलेली प्रत त्याच्या शतांशाहूनही कमी किंमतींत मिळते. कोपऱ्यावरची घडी, टांक्याचा गंज, उन्हानें उडालेला रंग, प्रत्येकास दंड आहे. आणखी एक चमत्कार असा कीं, फाटलेलें जोडून व उडालेला रंग भरून प्रत सुंदर केली तर किंमत वाढण्याऐवजीं बहुधा घटते. मळकें पण खरें येथें मान्य आहे. सजविलेलें मान्य नाहीं.

डेन्व्हर शहरीं एडगर चर्च नांवाचे एक जाहिरातींचे चित्रकार होते. त्यांनीं वर्षानुवर्षें कॉमिक विकत घेऊन तळघरांत उंच चवडी रचून ठेविलीं. त्या प्रदेशाची हवा कोरडी व थंड. चवडीच्या दाबामुळें आंत वारा नाहीं कीं उजेड नाहीं. १९७७ सालीं चक रोझान्स्की नांवाच्या एका तरुण दुकानदारानें तो सांठा विकत घेतला, तेव्हां १८ हजारांहून अधिक अंक जणूं कालच छापल्यासारखे निघाले. आज त्या सांठ्यांतील प्रतीस नुसत्या त्या नांवामुळें अधिक मोल येतें. चर्च यांच्या मनांत व्यापार नव्हता; चित्रें अभ्यासासाठीं हाताशीं असावीं एवढेंच होतें.

याच्या उलट उदाहरण मिनेसोटा संस्थानांतील एल्बो लेक या गांवचें. तेथें एका गृहस्थानें १० हजार १०० डॉलरांस एक जुनें घर घेतलें व दुरुस्तीसाठीं भिंत फोडली. थंडी अडविण्यासाठीं भिंतींत जुनीं वर्तमानपत्रें कोंबलेलीं होतीं आणि त्यांत अॅक्शन कॉमिक्सचा पहिला अंक होता. घरांत आनंदीआनंद झाला. पत्नीच्या एका वडीलधाऱ्या नातलग बाईनें अंक उचलला, गृहस्थानें तो ओढून घेतला आणि त्या ओढाताणींत मागील मुखपृष्ठ फाटलें. २०१३ सालीं ती प्रत १ लाख ७५ हजार डॉलरांस विकली गेली. परंतु त्या एका फाटण्यानें सुमारे ७५ हजारांचें नुकसान झालें असा जाणकारांनीं हिशेब सांगितला. एकत्र कुटुंबांतील वाचकांनीं ही गोष्ट जेवणाच्या पंगतींत अवश्य सांगावी. घरांत लाभ आला असतांना केलेल्या ओढाताणीचा दर इतक्या नेमकेपणानें क्वचितच काढला गेला असेल.

आतां गणिताकडे वळूं. पुतण्याचा सारा युक्तिवाद गणिताचा आहे. १९७० सालीं रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनीं जुन्या कॉमिकच्या भावांची पहिली सर्वमान्य सूची छापली. तोंवर दर दुकानदार मनांत येईल तो भाव सांगत असे. त्या सूचींत अॅक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकाच्या उत्तम प्रतीचा भाव ३०० डॉलर होता. २०२४ सालीं ६० लाख आले. चोपन्न वर्षांत वीस हजार पट; ढोबळ मानानें दरसाल दरशेकडा वीसाचें चक्रवाढ व्याज. आंकडा खरा आहे. परंतु विद्यार्थ्यानें उत्तर बरोबर आणलें तरी उदाहरण बरोबर मांडलें आहे कीं नाहीं हें मास्तरानें पाहावयाचें असतें. हा जो अंक आपण घेतला तो हजारों अंकांतून, शेवट ठाऊक झाल्यावर, निवडलेला आहे. लढाईहून परत आलेल्या शिपायांसच मोजून लढाईंत कोणी मरत नाहीं असें म्हणण्यासारखें हें आहे. जे पडले त्यांचीही मोजदाद केली पाहिजे.

ती मोजदाद इसवी सनाच्या विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकानें करून ठेविली आहे. जुन्या अंकांस हजारों डॉलर येतात ही वार्ता तोंपर्यंत वर्तमानपत्रांतून सर्वत्र पसरली होती. लोकांनीं विचार केला, आपल्या वडिलांनीं टाकले, आपण जपूं. प्रकाशकांनींही तो विचार ओळखला. ऑक्टोबर १९९१ चा महिना घालून 'एक्स-मेन' नामक मासिकाचा नवा पहिला अंक पांच निरनिराळ्या मुखपृष्ठांनीं निघाला. एकेका गिऱ्हाइकानें पांचही घ्यावे हा उद्देश. त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या. तो एक जागतिक विक्रम ठरला. नोव्हेंबर १९९२ मध्यें सुपरमॅनचा मृत्यु दाखविणारा ७५ वा अंक निघाला. तो काळ्या पिशवींत बंद होता व आंत शोकाची काळी पट्टीही होती. दुकानांपुढें रांगा लागल्या. लक्षावधि प्रती गेल्या आणि कित्येकांनीं ती पिशवी कधींच फोडली नाहीं. कारण पिशवी फोडली कीं किंमत उतरते! पुस्तक न वाचतां सांभाळणाऱ्या या लोकांस नायक मेला याचें दुःख नव्हतें. मुलांच्या शिक्षणाचा खर्च त्या पिशवींतून निघेल ही आशा होती. पुढच्याच वर्षीं सुपरमॅन जिवंत होऊन परत आला. परंतु पिशवीची किंमत परत आली नाहीं.

कां आली नाहीं? ज्याच्या लक्षावधि प्रती आहेत आणि त्या सर्व लोकांनीं कापसांत ठेविल्या आहेत, त्याची वाण कधीं पडणार? जें सर्वांनीं जपलें तें सवंग झालें. आजही तीं दोन पुस्तकें थोड्या डॉलरांत हवीं तेवढीं मिळतात. हें ध्यानांत येतांच गिऱ्हाइकें पळालीं, शेंकडों दुकानें बंद झालीं आणि डिसेंबर १९९६ मध्यें एक्स-मेन व स्पायडरमॅन ज्यांचे त्या मार्व्हल कंपनीस दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. सुपरमॅनचा १९३८ चा पहिला अंक मात्र त्या पडझडींतूनही पार पडला. तो मुळांतच शंभर होता, शंभरच राहिला.

याशिवाय लहान भरती-ओहोटी नित्य चालूच असते. एखाद्या दुय्यम पात्रावर बोलपट निघणार अशी कुणकुण लागली कीं त्याच्या पहिल्या दर्शनाचा अंक उसळी घेतो. डेडपूल नांवाचें पात्र प्रथम १९९१ सालच्या ज्या अंकांत आलें तो पूर्वीं कोणी विचारीत नसे. २०१६ च्या बोलपटाच्या सुमारास त्याला शेंकडों डॉलर पडूं लागले. बोलपट पडद्यावर येईपर्यंत शहाणे विकून मोकळे होतात आणि भोळे तेव्हां घेऊं लागतात. २०२० च्या महामारींत लोक घरीं बसले, हातांत खर्च न झालेला पैसा होता; दोन वर्षें सर्वच भाव चढले. २०२२ सालीं अमेरिकेंतील मध्यवर्ती बँकेनें व्याजाचे दर वाढविण्यास आरंभ केला, पैसा आटला आणि मध्यम प्रतीच्या अंकांचे भाव झपाट्यानें उतरले. अत्युच्च प्रती मात्र चढतच राहिल्या. वर्तमानपत्रांत येते ती बातमी शिखराची असते; उतारावरच्या घरांची बातमी कोणी छापीत नाहीं.

आणि या सर्व मोलांत ज्यांनीं ती वस्तु निर्माण केली त्यांच्या पदरीं काय पडलें? जेरी सीगल व जो शूस्टर हे क्लीव्हलंड शहरांतील एका शाळेचे सोबती. निर्वासितांसारखे परमुलखांतून आलेल्या गरीब यहुदी कुटुंबांतले. त्यांनीं सुपरमॅनवरील आपला सर्व हक्क १९३८ सालीं प्रकाशकास १३० डॉलरांस विकला. पुढें कोर्टकचेऱ्या झाल्या, नांव गेलें, हालअपेष्टा आल्या; १९७५ सालीं लोकापवाद वाढल्यावर कंपनीनें प्रत्येकी सालीना २० हजार डॉलर देऊं केले व त्यांचीं नांवें पुन्हां छापूं लागली. २०१२ सालीं त्या १३० डॉलरांचा समावेश असलेली मूळ हुंडी, म्हणजे बँकेचा चेक, लिलावास आला आणि त्या कागदास १ लाख ६० हजार डॉलर मिळाले. तेव्हां दोघेही हयात नव्हते. 'अर्घ' या शब्दाचाच सोयरा 'अर्घ्य' हा शब्द. पाहुण्यास आदरानें द्यावयाचें पाणी तें अर्घ्य. कागदास अर्घ मिळालें. कर्त्यांस अर्घ्य फार उशिरां मिळालें.

हा सारा व्यवहार परदेशचा म्हणून आपण अलिप्त आहों असें मात्र नाहीं. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया संस्थेनें १९६४ सालीं 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलें. त्यांतील वेताळ व जादूगार मँड्रेक मराठींतूनही आमच्या घरांत शिरले. १९९० सालीं तें बंद पडलें. तोंवर बहुतेक अंक रद्दीवाल्याच्या तराजूंतून गेले होते. आज जुने अंक हौशी लोक शोधीत फिरतात आणि मूळ किंमतीच्या अनेक पटी देतात. याउलट अनंत पै यांनीं १९६७ सालीं आरंभिलेली 'अमर चित्रकथा' पुन्हां पुन्हां छापली जाते, आजही दुकानांत मिळते. म्हणून तिची जुनी प्रत सहसा त्या थाटास चढत नाहीं. नियम येथेंही तोच. मात्र मुलांच्या हिताच्या दृष्टीनें पाहिलें तर जें पुन्हां छापलें जातें व नव्या हातांत पडतें त्याचेंच भाग्य मोठें, असें आम्ही म्हणूं.

आतां पत्रलेखकांच्या प्रश्नाचें उत्तर. धाकट्या बंधूंनीं 'पोरांच्या चित्रांची वही' म्हणून जी नाकें मुरडलीं तीं आम्हांस पटत नाहींत. स्पायडरमॅनचा तो अंक खरोखरच मोलाचा आहे, जगभर त्यास गिऱ्हाईक आहे आणि पुतण्यास त्यांतलें कळतें. हा निव्वळ भ्रम नव्हे. परंतु वस्तु मोलाची असणें आणि ती आईच्या पुंजीस योग्य असणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. शेतास पीक येतें, घरास भाडें येतें, ठेवीस व्याज येतें. डबींतल्या अंकास कांहीं येत नाहीं, उलट त्याचा विमा व राखण लागते. मोठ्या लिलावगृहांत बोलीवर बरीच अधिक रक्कम गिऱ्हाइकास मोजावी लागते. आणि अशा संग्राह्य वस्तूंच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर अमेरिकेंत २८ टक्क्यांपर्यंत कर पडूं शकतो. म्हणजे आज घेतलेली वस्तु उद्यां त्याच भावानें विकली तरी तोटाच. शिवाय वहिनींस उद्यां औषधपाण्यास दोन लाख लागले, तर त्या अंकाचीं चार पानें फाडून विकतां येणार नाहींत. अंक आहे तो संबंध विकावा लागेल, आणि गरजवंत विकावयास निघाला कीं बाजारास तें कळतें.

म्हणून आमचें मत असें. वहिनींचे बावीस लाख वहिनींच्या नांवें, त्यांस हवे तेव्हां हातीं येतील अशा ठिकाणीं राहावे. त्यावर इतर कोणाच्या हौसेचा, मग ती पोटच्या मुलाची कां असेना, भार नसावा. पुतण्यास अंक घ्यावयाचा असेल तर त्यानें तो स्वतःच्या कमाईंतून, बुडाले तरी रात्रीं झोंप लागेल एवढ्याच पैशांनीं, आणि आवडतो म्हणून घ्यावा. भाव चढला तर उत्तम. उतरला तरी आवडती वस्तु घरांत उरेलच. आणि काकांनीं हें त्यास सांगतांना त्याच्या छंदाची थट्टा करूं नये. थट्टेनें दुखावलेला मुलगा हट्टास पेटतो आणि हट्टानें केलेला सौदा सर्वांत महाग पडतो.

एक शेवटची वार्ता सांगून हा लेख संपवितों. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागांत एक वृद्ध स्त्री वारली. आपल्याजवळ कांहीं जुनीं मोलाचीं कॉमिक आहेत असें ती मुलांस सांगत असे. मुलांनीं तीं कधीं पाहिलीं नव्हतीं. २०२४ सालीं तिघे भाऊ घर आवरूं लागले, तेव्हां माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांखालीं, एका खोक्यांत, १९३९ सालच्या सुपरमॅन मासिकाचा पहिला अंक सांपडला. तिनें व तिच्या भावानें तो लहानपणीं, अमेरिकेंतील मंदीच्या आणि महायुद्धाच्या दिवसांत, विकत घेतला होता. नोव्हेंबर २०२५ मध्यें त्यास ९१ लाख २० हजार डॉलर आले. त्या मुलीनें तो घेतला तेव्हां चौपटीचा हिशेब तिच्या मनांत नव्हता. तिला ती कथा वाचावयाची होती, आणि वाचून झाल्यावर ती तिनें नीट ठेविली. आमच्या पत्रलेखकांच्या घरांतही माळा आहे, लहान मुलें आहेत. त्यांच्या हातीं आज जें पुस्तक आहे तें त्यांस मनसोक्त वाचूं द्यावें, आणि वाचून झाल्यावर नीट ठेवावयास शिकवावें. याहून अधिक हिशेब त्या वयास शोभत नाहीं.